तेरा लाख पावलांत एक

६५ किलो वजनाचा माणूस मुंबईची फुल मॅरेथॉन पाच तासांत संपवतो असं धरू. मिनिटाला १६० पावलं. म्हणजे सीएसएमटीसमोरच्या गर्दीतून निघाल्यापासून शेवटची रेषा ओलांडेपर्यंत ४८,००० पावलं, प्रत्येक पायाच्या वाट्याला २४,०००. पाऊल टेकलं की जमिनीचा उलटा रेटा क्षणभर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत चढतो, म्हणजे साधारण १६२ किलो. गुणाकार केला की येतात ७,८०० टन. पॅरिसच्या आयफेल टॉवरमधलं लोखंड ७,३०० टन भरतं. एका सकाळी, दोन पायांवर, आख्खा आयफेल टॉवर आणि वर ५०० टन.

अशी गणितं धावणाऱ्यांना फार आवडतात, मेडलच्या फोटोखाली शोभूनही दिसतात. गुणाकारात चूक नाही, पण दुखापतीबद्दल त्यातून काहीही कळत नाही. तोच माणूस पाच तास बसस्टॉपवर नुसता उभा राहिला, तरी जमिनीनं त्याला दिलेल्या रेट्याची सरासरी आणि धावतानाची सरासरी एकच येते. न्यूटनच्या हिशेबात कुणालाच सवलत नाही. सपाट रस्त्यावर पाच तासांची सरासरी काढली, तर धावणाऱ्याच्या पायाखालचा रेटा बरोब्बर ६५ किलोच निघतो. जास्त निघाला असता तर माणूस वरवर तरंगत गेला असता, कमी निघाला असता तर रस्त्यात रुतला असता.

फरक आहे तो वाटणीत. १६०च्या लयीत एक पाऊल पुरं व्हायला ०.३७५ सेकंद लागतात. त्यातले जेमतेम ०.२७ सेकंद पाय जमिनीवर असतो. उरलेला दशांश सेकंद दोन्ही पाय हवेत आणि भार शून्य. हवेत काढलेल्या या वेळेची उधारी पुढच्या पाव सेकंदात फेडावी लागते, म्हणून रेटा टोकाला जातो. उभ्या माणसाचे ६५ किलो दोन पायांत निवांत वाटलेले असतात, धावणाऱ्याचे १६२ किलो एकाच पायावर येतात आणि पापणी लवेपर्यंत निघूनही जातात.

हे झालं बाहेरचं, जमिनीत बसवलेल्या काट्यावर दिसणारं. आतला मामला याहून जबर आहे. पुढे चवडा, मागे टाचेवरची जाड शीर म्हणजे अकिलीज टेंडन, आणि दोन्हींच्या मध्ये घोटा. चवडा घोट्यापासून जितका लांब असतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर ही शीर असते. अंतर कमी म्हणून ओढ जास्त. शिरेला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर लावावा लागतो. वखारीतल्या तराजूत दोन्ही पारड्यांचं वजन जसं मधल्या आकड्यावर येतं, तसा पुढचा आणि मागचा भार एकत्र होऊन घोट्याच्या सांध्यावर बसतो. १९९० साली स्कॉट आणि विंटर या दोन संशोधकांनी मांडलेल्या हिशेबात घोट्यावरचा दाब वजनाच्या १० ते १४ पट निघाला, गुडघ्याच्या वाटीमागचा ७ ते ११ पट. आपल्या ६५ किलोवाल्याच्या घोट्यावर म्हणजे साडेसहा ते नऊ क्विंटल. दर पावलाला.

कागदावरच्या हिशेबावर विश्वास बसत नसेल, तर फिनलंडच्या पाव्हो कोमी यांचं काम बघावं. त्यांनी माणसाच्या टाचेमागे छोटा छेद घेऊन अकिलीज टेंडनभोवती धातूची बारीक कडी बसवली, तिची तार कातडीबाहेर काढली आणि त्या माणसाला पळायला लावलं. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. मोजणी संपली की कडी बाहेर. वेगानं पळताना या कडीनं दाखवलेला सर्वांत मोठा आकडा होता ९,००० न्यूटन, म्हणजे नऊ क्विंटलच्या थोडं वरच. त्या माणसाच्या वजनाच्या साडेबारा पट. ज्या शिरेनं हा भार ओढला तिचा आडवा छेद होता ०.८१ चौरस सेंटिमीटर, करंगळीहून बारीक. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ११,००० न्यूटन. शरीराबाहेर काढलेले असे टेंडन प्रयोगशाळेतल्या यंत्रात ताणले, तर साधारण १०,०००च्या आसपास तुटतात. इथे तर शीर जिवंत माणसाच्या पायात होती, पळत होती, आणि शाबूत राहिली.

ही शीर घेतलेलं परतही करते. ब्रिटनमधले मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हिशेब मांडला. ७० किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगानं पळत असेल, तर एका पावलात सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची देवघेव होते. त्यातली ३५ ज्यूल अकिलीज टेंडन ताणला जाऊन साठवतो आणि १७ ज्यूल तळव्याची कमान. निम्म्याहून जास्त ऊर्जा स्नायूंना फारशी तोशीस न देता साठते, आणि बहुतांशी तशीच परत मिळते. पण ही बचत करायची, तर शिरेनं रोज तुटण्याच्या जवळपास वावरायला हवं. निसर्गानं हा सौदा केलेला आहे आणि आपल्याला विचारून केलेला नाही.

आता मूळ प्रश्न. एवढे भार सोसून हाड मोडत कसं नाही, आणि कधीकधी मोडतं ते का?

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वखुशीनं तयार झालेल्या माणसांच्या नडगीच्या हाडावर थेट ताणमापक चिकटवले गेले आणि त्यांना चढावर, उतारावर, नागमोडी वळणांवर पळवलं गेलं. हाडाचा आकार बदलला तो ०.२ टक्क्यांहूनही कमी, मीटरला दोन मिलिमीटरसुद्धा नाही. एका फटक्यात हाड मोडायला याच्या निदान पाचपट ताण लागतो. म्हणजे साधं पळताना कुठलंही एक पाऊल नडगी मोडू शकत नाही. पावलं जमावानं येऊन मोडतात, आणि जमावाचा हिशेब बेरजेनं होत नाही.

हाडाचे तुकडे यंत्रात पुन्हापुन्हा दाबून पाहिले, की एक विलक्षण नियम दिसतो. भार वाढेल तसं हाडाचं आयुष्य साध्या प्रमाणात घटत नाही, ते भाराच्या सुमारे सातव्या घातानं घटतं. भार १० टक्के वाढला तर १.१चा सातवा घात, म्हणजे १.९५. हाड निम्म्याच फेऱ्या टिकणार. २० टक्के वाढला तर आयुष्य साडेतीन पटींनी कमी. दुप्पट केला तर १२८ पटींनी. दुप्पट भाराचं एक पाऊल नेहमीच्या १२८ पावलांचं नुकसान एकट्यानं करून जातं.

आयफेल टॉवरवाल्या गणितातली खोट इथे उघडी पडते. १६२ किलोचं एक पाऊल आणि १६.२ किलोची दहा पावलं ही टनांच्या बेरजेत एकाच किमतीची. हाडाच्या वहीत तेवढंच नुकसान व्हायला १६.२ किलोची एक कोटी पावलं लागतात. खरं तर इतक्या हलक्या पावलांची हाड नोंदच घेत नाही. हाड पावलं मोजतं, पण पावलाच्या वजनाला ते इतकं जास्त महत्त्व देतं की मोजणी जवळजवळ दुय्यम ठरते.

यावरून कुणाला वाटेल की मग ढांग आखूड करावी, पावलं वाढली तर वाढू देत. विचार बरोबर आहे, फक्त फायदा सातव्या घाताएवढा घसघशीत मिळत नाही. ब्रेंट एडवर्ड्स या संशोधकांनी २००९ साली हे गणित मांडलं. ढांग १० टक्के आखूड केली तर पावलं ११ टक्के वाढतात, तरीही नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हापुन्हाच्या भारानं हाडाला पडणारी चीर, होण्याची शक्यता ३ ते ६ टक्क्यांनी उतरते. ढांग १० टक्के कमी केली म्हणजे हाडावरचा ताणही १० टक्के उतरतो असं नाही, तो थोडासाच उतरतो. तरी वाढलेली पावलं खाऊन वर शिल्लक राहते, हेच नवल. गुडघ्याला याचा लाभ जास्त होतो. पावलांची गती १० टक्के वाढवली तर वाटीमागचा कमाल दाब १४ टक्के उतरतो, असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं.

याच्याच शेजारी एक गैरसमज ठाण मांडून बसलेला आहे, तो म्हणजे मिनिटाला १८० पावलांचा. जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली आणि एखादा अपवाद सोडता सगळे १८०च्या वर भरले. ते ऑलिंपिकच्या शर्यतीत, ऑलिंपिकच्या वेगानं धावत होते. सकाळी सहा वाजता शिवाजी पार्कला आठ मिनिटांच्या पेसनं गप्पा मारत धावणाऱ्या माणसानं घड्याळात १८० दिसत नाही म्हणून खट्टू व्हायचं काही कारण नाही.

हाडाच्या जाडीचा हिशेब तर सातव्या घातालाही मागे टाकतो. वाकवणारा भार तोच असेल, तर गोल हाडावरचा ताण त्रिज्येच्या तिसऱ्या घातानं बदलतो. हाड १० टक्के बारीक असेल तर ताण ३७ टक्के जास्त. त्या ३७ टक्क्यांना सातवा घात लावला की ९ येतात. म्हणजे निव्वळ कागदावर, नडगी १० टक्के बारीक असली तर तिचं आयुष्य नवव्या हिश्श्यावर. प्रत्यक्षात बारीक हाडाचा माणूस बहुधा वजनानंही हलका असतो, त्यामुळे चित्र इतकं भीषण नसतं. पण दिशा खरी आहे. १९८०च्या दशकात इस्रायली लष्करातल्या २९५ नव्या जवानांवर डॉक्टरांनी नजर ठेवली. त्यातल्या ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, आणि ज्यांची नडगी अरुंद होती त्यांना ते जास्त झालं. लष्करी प्रशिक्षणात स्त्रियांना स्ट्रेस फ्रॅक्चर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं, त्यामागे जी कारणं सांगतात त्यात हाडाची ही जाडी असते.

सैनिकांशी या दुखण्याचं नातं जुनं. १८५५ साली प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांब कवायतीनंतर पाय सुजून लंगडणाऱ्या शिपायांचं वर्णन लिहून ठेवलं. पायातलं हाड मोडलंय हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं, क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ४० वर्षं होती. शिपाई भरती झाल्या दिवशी लंगडत नाहीत, काही आठवड्यांनी लंगडायला लागतात. त्याचं कारण हाडाच्या दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. सूक्ष्म तडा गेला की आधी हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि तो भाग साधारण तीन आठवडे पोखरतात. मग भरणाऱ्या पेशी येतात, आणि त्यांचं काम तीनेक महिने चालतं. म्हणजे दुरुस्ती सुरू झाली की आधी हाड कमकुवत होतं. उत्साहानं धावायला लागलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम लागेनासा होतो, पाय हलके वाटतात, आता अंतर वाढवावं असं वाटतं. नेमकं तेव्हाच त्याच्या नडगीत सगळ्यांत जास्त भोकं असतात.

हाड निदान दुरुस्त तरी होतं. अकिलीज टेंडनचं काय होतं, याचं उत्तर अणुबॉम्बनी दिलं. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघानं हवेत अणुचाचण्यांचा सपाटा लावला, त्यामुळे वातावरणातला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि चाचण्या थांबल्यावर ओसरत गेला. तो अन्नातून माणसांच्या शरीरात गेला. शरीराचा एखादा भाग कोणत्या साली घडला, हे त्यातल्या कार्बन-१४वरून सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली वेगवेगळ्या वयाच्या लोकांच्या अकिलीज टेंडनचा गाभा या कसोटीवर तपासला. गाभ्यातला कार्बन त्या माणसाच्या वयाच्या पहिल्या १७ वर्षांतला निघाला. त्यानंतर तिथे जवळपास काहीच बदललेलं नव्हतं.

म्हणजे पन्नाशीत पहिली मॅरेथॉन धावणारा माणूस ज्या शिरेवर चार-पाच क्विंटल ओढतो, तिचा गाभा त्याच्या दहावी-अकरावीच्या दिवसांतला असतो. स्नायू सहा-आठ आठवड्यांत तयार होतात, हृदय आणि फुप्फुसं त्याहून लवकर साथ द्यायला लागतात, हाडाला महिने लागतात, आणि या शिरेचा गाभा तर नव्यानं तयारच होत नाही. एकाच शरीरात चार वेगळी घड्याळं चालू असतात आणि धावणारा त्यातल्या सगळ्यांत वेगवान घड्याळाकडे, म्हणजे आपल्या दमाकडे, बघून अंतर ठरवतो. दुखापतींचं बरंचसं मूळ मला इथे दिसतं.

मग माणूस किती पावलांत एकदा जायबंदी होतो? २०१५ साली डॅनिश संशोधकांनीच आधीच्या अभ्यासांची मोट बांधली. हौशी धावकांत धावण्याच्या १,००० तासांमागे ७.७ दुखापती, नवशिक्यांत १७.८. मिनिटाला १६५ पावलं धरून मी हे आकडे पावलांत उतरवले. हौशी धावकाला जवळपास १३ लाख पावलांत एक दुखापत होते, नवशिक्याला साडेपाच लाखांत एक. १३ लाखांतली १२,९९,९९९ पावलं, प्रत्येक क्विंटलांचा भार घेऊन, काहीही न बिघडवता पडतात. शरीराचं याबद्दल कौतुक करावं तेवढं थोडं. पण आठवड्याला तीन तास धावणाऱ्यानं हेच गणित वर्षाचं केलं, तर उत्तर वर्षाला एकाहून थोडं जास्त येतं. एकच आकडा, सकाळी वाचला तर धीर देतो आणि रात्री वाचला तर झोप उडवतो.

वर्षाला किती टक्के धावक दुखापतग्रस्त होतात, या प्रश्नाला मात्र एक उत्तर नाही. २००७च्या एका गाजलेल्या आढाव्यात पायांच्या दुखापतींचं प्रमाण १९.४ टक्क्यांपासून ७९.३ टक्क्यांपर्यंत निघालं. एवढी तफावत पडते, कारण एक दिवस सुट्टी घ्यावी लागली तरी कुणी तिला दुखापत म्हणतं, तर कुणी डॉक्टरकडे गेल्याशिवाय म्हणत नाही. टक्केवारी सांगणाऱ्याला आधी व्याख्या विचारावी. कुठे दुखतं यावर मात्र बरंच एकमत आहे. व्हँकुव्हरच्या एका क्रीडावैद्यक केंद्रातल्या २,००२ दुखापतींचा हिशेब (योगायोगानं २००२ सालीच) प्रसिद्ध झाला, त्यात ४२ टक्के दुखापती एकट्या गुडघ्याच्या होत्या.

आता संशयितांकडे वळू. सगळ्यांत बदनाम संशयित म्हणजे सपाट तळवा आणि आत कलणारं पाऊल. ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघा, पाऊल आत कलत असेल तर तसे बूट घ्या, हा सल्ला बुटांच्या दुकानात वर्षानुवर्षं मिळतोय. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावकांचे १,८५४ पाय तपासून, सगळ्यांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन, वर्षभर मागोवा घेतला गेला. २५२ जण दुखापतग्रस्त झाले. आत कलणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. उलट १,००० किलोमीटरमागे त्यांच्या दुखापती थोड्या कमीच भरल्या. अमेरिकी लष्करानंही हजारो जवानांना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत.

दुसरा संशयित, धावण्याआधी स्ट्रेचिंग न करणं. ऑस्ट्रेलियन लष्करात १,५३८ जवानांचे दोन गट करून एका गटाला १२ आठवडे व्यायामाआधी स्ट्रेचिंग करायला लावलं. स्ट्रेचिंगवाल्यांत १५८ दुखापती, दुसऱ्या गटात १७५. फरक म्हणावा असा नाही. पण याच अभ्यासात एक वेगळा आकडा दडला होता आणि तो फारसा कुणी सांगत नाही. भरतीच्या वेळी शटल रनमध्ये जे सगळ्यांत मागे होते, त्यांना दुखापत होण्याची शक्यता सगळ्यांत तंदुरुस्त जवानांच्या १४ पट होती. पायाच्या ठशात काही सापडलं नाही, स्ट्रेचिंगमध्ये सापडलं नाही, आणि साध्या दमसासात १४ पटींचा फरक सापडला. आधी झालेली दुखापत हा असाच दुसरा नीरस पण भक्कम घटक. अभ्यासामागून अभ्यासात तो वर येतो.

‘आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये’ हा नियम तर धावणाऱ्यांच्या जगात जवळपास वेदवाक्य. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला ५३२ नवशिक्यांवर तो तपासला गेला. एका गटानं नियम पाळत १३ आठवडे हळूहळू तयारी केली, दुसऱ्यानं आठ आठवड्यांत झपाट्यानं. पहिल्यात २०.८ टक्के जायबंदी, दुसऱ्यात २०.३. नियम पार निकामी ठरला असं बरेच दिवस वाटत होतं. मग २०२५ साली ८७ देशांतल्या ५,२०५ धावकांच्या घड्याळांतली माहिती प्रसिद्ध झाली. १८ महिने, ५,८८,०७१ रन. आठवड्याची वाढ आणि दुखापत यांचा मेळ इथेही लागला नाही. पण गेल्या ३० दिवसांतला सगळ्यांत लांब रन हा मापदंड धरला आणि त्याच्याशी एकेका रनची तुलना केली, तेव्हा चित्र पालटलं. त्याहून १० ते ३० टक्के लांब धावणाऱ्यांना दुखापतीचा धोका ६४ टक्के जास्त, दुपटीहून लांब गेलेल्यांना १२८ टक्के जास्त. मधल्या गटाचा धोका ५२ टक्के जास्त भरला, म्हणजे आकडे अगदी शिडीसारखे चढत नाहीत. तरी मतलब कळतो. महिनाभर १५ किलोमीटरच्या वर न गेलेला माणूस मित्राच्या आग्रहाखातर रविवारी १९ किलोमीटर धावतो, तेव्हा आठवड्याची बेरीज बिनचूक असली तरी तो शेवटच्या चार किलोमीटरमध्ये अनोळखी मुलखात असतो. पोटरी थकलेली, पाऊल जड पडायला लागलेलं, आणि पुढे तोच सातवा घात.

धावण्याची ढब बदलून दुखापत टळते का? हाँगकाँगमध्ये ३२० नवशिक्यांपैकी निम्म्यांना दोन आठवडे, आठ सत्रांत, पडद्यावर आपल्या पावलाचा दणका बघत हलकं धावायला शिकवलं. वर्षभरात शिकवलेल्यांपैकी १६ टक्के दुखापतग्रस्त, न शिकवलेल्यांपैकी ३८ टक्के. फार मोठा फरक. पण शिकलेल्यांच्या दुखापती गुडघा आणि टाच सोडून पोटरी आणि अकिलीजकडे सरकल्या होत्या. भार नाहीसा होत नाही, मुक्काम हलवतो. अनवाणी धावण्याची लाट आली तेव्हाही हेच झालं. अमेरिकेतल्या एका प्रयोगात पातळ तळाच्या, बोटं असलेल्या बुटांवर दहा आठवड्यांत उतरलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज दिसली. मऊ तळाच्या बुटांचा अनुभव वेगळा. लक्झेंबर्गमध्ये ८४८ धावकांत कडक तळाचे बूट मिळालेल्यांना दुखापतीचा धोका ५२ टक्के जास्त होता. आणि मऊ बुटांचा फायदा वजनदार माणसांना नव्हे, हलक्या माणसांना झाला. का, ते बुटांच्या दुकानदाराला विचारू नये.

ताटाचा हिशेब सगळ्यात कमी लोक करतात. धावायला किलोमीटरमागे किलो वजनाला साधारण एक किलोकॅलरी लागते. ५५ किलोची बाई २० किलोमीटर धावली की १,१०० संपल्या. चरबी सोडून तिचं वजन ४२ किलो असेल, तर बाकीचं शरीर चालवायला किलोमागे किमान ३०, म्हणजे १,२६० शिल्लक हव्यात. एकूण २,३६०. रविवारी एकादशी आली आणि लाँग रन ठरलेला असला, तर खिचडीच्या दोन वाट्या आणि दोन केळी तिथवर पोचत नाहीत. एखाद्या दिवसानं काही बिघडत नाही, पण वजन उतरवायचं आणि मॅरेथॉनही करायची, असा दुहेरी बेत असला की हे रोजचं होतं. अमेरिकेत २९ तरुणींवर केलेल्या प्रयोगात फक्त पाच दिवस या ३०च्या पातळीवर आणि त्याखाली ठेवल्यावर रक्तातल्या हाड घडवण्याच्या खुणा घसरल्या. पाच दिवस. हाड भरायला तीन महिने लागतात, आणि भरणाऱ्या पेशींचं काम एका आठवड्याच्या आत मंदावतं. पुरुषांनाही हे लागू आहे. ऑलिंपिक समितीनं २०१४ साली तसं स्पष्ट म्हटलं.

राहिला प्रश्न गुडघ्यांचा. आपल्याकडे सकाळी कुणी शॉर्ट्स घालून बाहेर पडलं, की सोसायटीतले एखादे काका ‘गुडघे जातील’ म्हणतातच. मेरिलँड विद्यापीठातल्या रॉस मिलर यांनी २०१४ साली मोजलं, तर धावताना गुडघ्यावरचा कमाल भार वजनाच्या आठ पट भरला, चालताना २.७ पट. काकांचं म्हणणं रास्त वाटायला लागतं. पण धावताना पाय जमिनीवर थोडा वेळ असतो आणि पावलंही कमी लागतात, त्यामुळे एक किलोमीटर कापताना गुडघ्यावर पडणारा एकूण भार दोन्हींत जवळपास सारखाच निघाला. काकांनी तो किलोमीटर चालून काढला, तरी गुडघ्याची पावती तेवढ्याचीच. २०१७ साली लाखाहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास झाला, त्यात खुबा आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावकांत ३.५ टक्के होतं आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात ते धावणं सोडून देतात, त्यामुळे धावण्यानं गुडघे वाचतात असं यातून छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय त्याच अभ्यासात स्पर्धेसाठी धावणाऱ्यांचा आकडा १३.३ टक्के आहे, आणि तो काकांच्या बाजूचा आहे.